कापडावरचे देऊळ

अहमदाबादचे भानुभाई चितारा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ‘माता नी पछेडी’ या देवीचित्रकलेचे चीज झाले, असे आम्हांस वाटले. परंतु ही कला कोणत्या कारणाने जन्मास आली, ते विसरून तिचे नुसते कौतुक करणे अपुरे आहे.

पछेडी म्हणजे मातेच्या पाठीमागे लावावयाचे वस्त्र. गुजरातेतील वाघरी समाजास, जो आज देवीपूजक म्हणून ओळखला जातो, देवळात प्रवेश नव्हता. तेव्हा त्यांनी कापडावरच देवी चितारली, ते पडदे भोवती उभारले आणि त्यांचेच देऊळ केले. मध्यभागी कमानीखाली माता, सभोवती रांगांतून भक्त आणि पशुपक्षी, अशी त्याची मांडणी. मेलडी बोकडावर बसते, खोडियार मगरीवर. आणि दर्यावर्द्यांची पाठराखीण वहाणवटी गलबतावर. ही शेवटची माता तरी किनाऱ्यावरच्या वाचकांस परकी वाटू नये.

कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवावयाचे. गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगाने बांबूच्या कलमाने रेषा काढावयाच्या. तांबड्या जागी चिंचोक्याच्या खळीतून तुरटी भरावयाची, वाहत्या पाण्यात कापड धुवावयाचे आणि रंगाच्या कढईत उकळावयाचे. साबरमतीच्या पात्राने हे काम पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

देऊळ हरपलेल्या भक्ताची व्यथा गोमंतकीयांस निराळी सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, तेव्हा केळशीची शांतादुर्गा अंत्रुज महालात कवळ्यास आणावी लागली. फरक इतकाच की, आमच्यावरचा घाला परक्यांचा होता; वाघऱ्यांपुढचे दार स्वकीयांनी लावले होते. परक्यांचा जुलूम आम्ही विसरत नाही, हे योग्यच. मात्र स्वकीयांचा अन्याय तितक्याच स्पष्टपणे आठवण्याचे धैर्यही आम्हांस हवे.

आज पछेडी संग्रहालयांत आणि सुखवस्तूंच्या दिवाणखान्यांत मानाने टांगली जाते. ती घेणाऱ्याने छापील नक्कल टाळावी आणि कलावंताच्या श्रमांचे मोल घासाघीस न करता द्यावे, हे तर उघडच आहे. त्याबरोबर देवळांच्या कारभाऱ्यांनीही आपल्या उंबरठ्याकडे एकवार पाहावे. ज्या हातांनी देवी रंगविली, ते हात कोणत्याही देवळाच्या दारी अडविले जाणार नाहीत, तेव्हाच त्या पद्मश्रीचा मान पुरा झाला, असे आम्ही म्हणू.