भीती पाण्याची, फसगत कागदावरची

श्रीगोंद्याहून समुद्र गाठायचा तर आधी पुणे, मग घाट, मग मुंबई. तालुक्याच्या ओळखीचे मोठे पाणी म्हणजे पेडगावची भीमा आणि कुकडीचे आवर्तन. त्यामुळे घरातल्या कुणी मुंबई–गोवा किंवा सिंगापूरच्या क्रूझचे नाव काढले की सल्ले देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो जहाज बुडेल, पाणी पुरणार नाही, उलट्यांनी जीव जाईल. दुसरा म्हणतो एकदा पैसे भरले की चार दिवस सगळे फुकट, बिनघोर जा. दोघेही चुकतात, आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. धोका आहे की नाही, हे ते समुद्राकडे बघून ठरवतात. आजच्या क्रूझच्या प्रवाशाचे नुकसान होते ते बहुतेक वेळा न वाचलेल्या अटींमुळे, न काढलेल्या विम्यामुळे आणि न धुतलेल्या हातांमुळे.

बुडण्याची भीती महाराष्ट्रात उगीच आलेली नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण ‘रामदास’ ही खाडीपलीकडे माणसे पोचवणारी लहान बोट होती आणि ती ऐन पावसाळ्यात निघाली होती. कॉर्डेलिया कंपनीने 2021 मध्ये मुंबईहून सुरू केलेले ‘एम्प्रेस’ हे अकरा मजल्यांचे, खुल्या समुद्रासाठी बांधलेले जहाज आहे, आणि 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडावर तेही अरबी समुद्र सोडून चेन्नईहून फेऱ्या करू लागले. दुसरा दाखला हमखास टायटॅनिकचा येतो. 1912 मध्ये तिच्यावर बावीसशेच्या आसपास माणसे होती आणि जीवरक्षक नौकांत जागा 1,178 जणांची. त्याच धड्यातून 1914 मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या प्रवासी जहाजावर प्रत्येकाला पुरतील एवढ्या नौका व तराफे, आणि वर 25 टक्के लोकांची जादा सोय ठेवावी लागते. मग 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कशी आडवी झाली, असा प्रश्न रास्त आहे. तिथे समुद्र शांत होता. कप्तानाने जहाज बेटाच्या फार जवळून नेले आणि ते खडकावर घासले. चार हजारांहून अधिक माणसांपैकी 32 दगावली. काही शे प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते आणि त्यांची आणीबाणीची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची सवलत होती. 2015 पासून ती कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक आहे. बुडण्याची चिंता करणाऱ्याने एवढे एक करावे: भोंगा वाजला की मोबाइल खिशात घालून आपली जमण्याची जागा नीट बघून यावी. नेमकी हीच कवायत टाळण्याकडे लोकांचा कल असतो.

उलट्यांचे म्हणावे तर घाटातल्या एसटीत ज्याला मळमळते त्याला जहाजावरही त्रास होऊ शकतो. कारण तेच आहे. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘हलतोय’ म्हणते, समोरची स्थिर भिंत पाहणारे डोळे ‘नाही’ म्हणतात, आणि मेंदू गोंधळतो. मात्र मोठ्या जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात आणि ते डुलणे बरेच आवरतात. हेलकावा सर्वात कमी बसतो तो खालच्या मजल्यावर, मधोमध. म्हणजे वरच्या मजल्यावरची बाल्कनीची महाग खोली हीच जास्त हलणारी. ‘चांगली खोली घ्या’ हा सल्ला इथे पैसे घालवून त्रास विकत घेण्याचा ठरतो.

पाण्याबद्दलचा समज तर आपल्याकडे पक्का असणारच. टँकर पाहिलेल्या माणसाला चहूकडे खारे पाणी आणि आंघोळीला गोडे, हे पटायला जड जाते. पण मोठी जहाजे आपले गोडे पाणी बहुतांशी स्वतः तयार करतात. एका पद्धतीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतात: बंद टाकीतली हवा उपसून दाब कमी केला की समुद्राचे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी खाली उकळते, आणि त्याची वाफ थंड केली की मीठ मागे राहते. दुसऱ्या पद्धतीत पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यातून ढकलतात. गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या आरओ केंद्रांचेच हे थोरले रूप. नंतर त्यात क्षार आणि क्लोरीन मिसळतात. तेव्हा नळाला पाणी येईल की नाही, ही काळजी सोडून द्यावी. या पाण्याची खरी किंमत इंधनात मोजली जाते. पर्यावरणाचा आक्षेप घेणारे इथे बरोबर आहेत: तरंगते हॉटेल ढकलत नेणे हा काटकसरीचा प्रवास नव्हे. 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यांवर आणली गेली. त्याने हवेतले विष घटले, कार्बनचा हिशोब मात्र तसाच उरला.

‘जहाज म्हणजे आजारांचे आगर’ या समजात अर्धे सत्य आहे. 2020 च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरच्या 3,711 जणांपैकी सातशेहून अधिकांना कोरोना झाला. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरसही गर्दीत झपाट्याने पसरतो. पण अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या नोंदींनुसार पोटाच्या अशा एकूण साथींत क्रूझचा वाटा साधारण एक टक्का. जहाजाची साथ गाजते, कारण तिथे रुग्णांची नोंद ठेवून ती कळवावी लागते; लग्नाच्या पंगतीतल्या जुलाबांचे रजिस्टर कोण ठेवतो? उपायाबद्दलचा गैरसमज जास्त घातक आहे. जेवणघराच्या दारातले सॅनिटायझर चोळले की झाले, असे बहुतेकांना वाटते. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा प्रभाव फारसा पडत नाही; साबण आणि वाहते पाणीच लागते.

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे ‘सगळे फुकट’वाल्यांकडे. जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे धरून. एकट्याला जवळपास दुप्पट पडू शकतो. खोली, नेहमीचे जेवण, पोहण्याचा तलाव, रंगमंचावरचे कार्यक्रम यात येतात. मद्य, इंटरनेट, बंदरावर उतरून करायची सहल आणि काही कंपन्यांत नोकरवर्गाची बक्षिशी वेगळी. कर आणि बंदराचे शुल्क कित्येकदा शेवटच्या पानावर दिसते. जहाजावर दवाखाना असतो, पण तो रुग्णाला सावरून किनाऱ्यापर्यंत नेण्यापुरता, आणि परदेशी जहाजावर त्याचे बिल डॉलरमध्ये येते. घरची साधी आरोग्य विमा पॉलिसी देशाबाहेर बहुधा चालत नाही. बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांवरच्या गर्भवतीला चढू देत नाहीत. हवामान बिघडले तर बंदर गाळण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि त्यापोटी भाड्याचा परतावा सहसा मिळत नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागतच नाही. लहान बोटीत उतरावे लागते, आणि गुडघेदुखीच्या आजीला ही गोष्ट आधी सांगितलेली बरी.

दोन-तीन दिवसांच्या सफरीला एवढा खल कशाला, असे कुणी म्हणेल. मुंबई–गोव्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे: पासपोर्ट लागत नाही, तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले म्हणजे भागते. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाचे तसे नाही. जहाज मलेशियाला जाऊन परत आले की कागदोपत्री सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि वाटेतल्या देशाचे नियम वेगळे पाहायचे. घाटात गाडी अडकली म्हणून उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. चढण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी संपते, तेव्हा श्रीगोंद्याहून त्याच सकाळी निघण्यापेक्षा आदल्या रात्री मुंबई गाठलेली बरी. चुकलेले जहाज पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावे लागते. गोव्याला त्यासाठी रेल्वे आहे, परदेशातल्या बंदराला विमानाचे तिकीट लागते आणि त्या देशाचा नियम असेल तर व्हिसाही.