उपग्रह बदलतांना डिशची परीक्षा

दूरदर्शनची मोफत डिशसेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली, तेव्हां तिचा उपग्रह पूर्व रेखांश ९५ अंशांवर होता. पुढें ती ९३.५ अंशांवरील इन्सॅट-४बी वर गेली, तेव्हां आपल्याकडील डिशा किंचित् दक्षिणेकडे फिरविणें आवश्यक झालें. २०१५ मध्यें सोडलेला जीसॅट-१५ मात्र त्याच ९३.५ अंशांवर ठेवला. त्यामुळें डिश हलविण्याचें कारण उरलें नाहीं.

यावरून बोध असा कीं, उपग्रह बदलल्याचें कानीं येतांच पान्यास हात न घालतां प्रथम त्याचें स्थान विचारावें. स्थान तेंच असल्यास बॉक्समध्यें नवी वारंवारता भरून वाहिन्यांचा शोध पुन्हां घ्यावा. स्थान बदललें तरच डिश फिरवावी. हिंगोलीहून ९३.५ अंशांवरील उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंश उंचीवर येतो.

परीक्षेंत ‘स्ट्रेंथ’च्या पट्टीवर विसंबूं नये, डिशचें तोंड भलतीकडे असतांही ती भरलेली दिसते. आकाश निरभ्र असतां ‘क्वालिटी’चा आंकडा सर्वांत जास्त येईल तेथेंच नट आवळावा. ही शिल्लक गांठीं नसेल, तर ऐन पावसांत, हवामानाची बातमी हवी तेव्हांच चित्र जाईल.