खेळातला डावा आणि उतारावरचा डावा

मंडळी, शेतीच्या पानावर व्हिडिओ गेमची गोष्ट कशाला, असे आपल्याला वाटेल. पण आज महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा, संध्याकाळी ओटीवर बसलेल्या पोरांच्या हातात मोबाइल दिसतो आणि त्यात एखादी जीप नाहीतर ट्रॅक्टर डोंगर चढत असतो. हीच पोरे उद्या आपल्या घरचा पॉवर टिलर धरणार आहेत. तेव्हा या खेळात ती काय शिकतात आणि काय शिकत नाहीत, हे आपण वडीलधाऱ्यांनी एकदा पाहून घेतलेले बरे.

गेल्या गणपतीत माझा पुतण्या मुंबईहून आला, तो मखराच्या सामानाबरोबर एक काळी पेटीही घेऊन आला. पेटी टीव्हीला जोडली, हातात दोन खुंट्यांचे छोटे यंत्र धरले आणि मोटारींची शर्यत सुरू झाली. आरती आटोपली, जेवणे झाली, आणि वाडीतली सारी पोरे आमच्या पडवीत गोळा झाली. मीही चष्मा पुसून मागे बसलो.

खेळाचे नाव ‘फोर्झा होरायझन ५’. इंग्लंडमधल्या प्लेग्राउंड गेम्स या कंपनीने तो २०२१ साली बाजारात आणला. देखावा सगळा मेक्सिको देशाचा. आधी पुतण्याने डांबरी रस्त्यावरची शर्यत लावली आणि सहज पहिला आला. मग एका पोराने सांगितले, “काका, आता रानातली लावा.” या शर्यतीला ‘क्रॉस कंट्री’ म्हणतात. आणि काय सांगावे, रस्त्यावर पहिला येणारा आमचा गडी रानात शेवटून दुसरा आला!

रानातली शर्यत अवघड का?

रस्त्याच्या शर्यतीत वाट आखलेली असते. वळण पुढे दिसते, डांबर सगळीकडे सारखे धरते, चुकलात तर कडेचा कठडा सांगतो की बाबा, इकडे नको. रानातल्या शर्यतीत रस्ताच नाही. दूरदूर अंतरावर प्रकाशाची निशाणे उभी केलेली असतात आणि त्यांच्यामधून गाडी नेत जायचे. एका निशाणापासून दुसऱ्यापर्यंतची वाट ज्याची त्याने शोधायची. मध्ये शेत येते, ओढा येतो, दगडी गडगा येतो, निवडुंगाचे रान येते. एखादे निशाण चुकले तर मागे फिरून तेथूनच जावे लागते.

पुतण्या कुठे कुठे अडखळला ते मी नीट पाहिले. उंचवट्यावरून गाडी वेगाने नेली की ती हवेत उडते. चाके जमिनीला टेकलेली नसतात, म्हणून हवेत असताना वळवता येत नाही आणि ब्रेकही लागत नाही. उतरताना गाडी तिरकी असली तर कोलांटी ठरलेली. उंचवट्यापलीकडे काय आहे हेही अलीकडून दिसत नाही. ओढ्यात शिरले की पाणी वेग खाऊन टाकते. झुडूप आणि कुंपण गाडीखाली मोडते, मोठे झाड मोडत नाही, आणि भरधाव जाताना कुठले कोणते हे ओळखायला पुरेसा वेळ मिळत नाही. शिवाय गाडीही त्या कामाची हवी. जमिनीलगत बसलेली, कडक स्प्रिंगांची शर्यतीची मोटार तिथे निरुपयोगी. पोट उंच असलेली, नरम स्प्रिंगांची, चारही चाकांना ताकद जाणारी, जाड नक्षीच्या टायरची गाडी तिथे टिकते.

मागे बसून सुपारी कातरणाऱ्या माझ्या वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “अरे, ओहोळ तिरका कशाला घालतोस? समोरून सरळ घाल की!” पुतण्या हसला, पण पुढच्या खेपेस त्याने गाडी ओहोळाला काटकोनात घातली आणि ती न डगमगता पार झाली. वहिनींनी उभ्या जन्मात मोटार चालवली नाही. पण डोक्यावर भाताची पेंढी घेऊन बांध आणि वहाळ ओलांडण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. परदेशातल्या कारागिरांनी खेळात जी कठीण परीक्षा घातली आहे ती जमीन वाचण्याची परीक्षा आहे, आणि ती विद्या आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे.

खेळात शिकण्यासारखे

म्हणून हे खेळ सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. मोबाइलवरचा ‘हिल क्लाइंब रेसिंग’ पुष्कळ मुलांना पाठ आहे. फिनलंडच्या फिंगरसॉफ्ट कंपनीने तो २०१२ साली आणला. त्यात दोनच पायदळ्या, एक वेगाची, एक ब्रेकची. चढावर वेगाची पायदळी दाबून धरली की पुढचे चाक उचलते, गाडी उताणी पडते, चालकाचे डोके आपटते आणि खेळ संपतो. चढावर अचानक जोर दिला की पुढचा भाग उचलतो, हा धडा ट्रॅक्टरलाही तसाच लागू आहे.

२०२० साली आलेल्या ‘स्नोरनर’ या खेळात तर चिखलच मुख्य आहे. चाक फिरते तसा चिखल खचतो, आणि पुन्हा त्याच चाकोरीतून गेलात तर ती आणखी खोल होते. अडकलेली गाडी झाडाला दोर बांधून ओढून काढावी लागते. तेथे घाई करणारा रुततो, सबुरीने जाणारा पोहोचतो. चिखलणीच्या दिवसांत आपण तरी दुसरे काय अनुभवतो?

पण या सर्व खेळांत एक सोय असते, आणि तीच आपल्या काळजीची. फोर्झामध्ये एक बटण दाबले की गाडी काही क्षण मागे जाते. झालेली चूक पुसली जाते. पुतण्याने एका शर्यतीत ते बटण किती वेळा दाबले याची मोजदाद मी सोडून दिली. इतर खेळांतही उलटलेली गाडी पुन्हा चाकांवर उभी राहते.

असे खेळ ज्या खऱ्या शर्यतींवरून बेतले जातात त्यांत ही सोय नाही. डाकार ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारकडे ती पहिल्यांदा निघाली. २०२० पासून ती सौदी अरेबियाच्या वाळवंटात भरते. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ साली ही शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तोच कसलेला गडी जानेवारी २०२१ मध्ये त्याच शर्यतीत पडला. डोक्याला इतका मार लागला की डॉक्टरांनी त्याला काही दिवस औषधाने बेशुद्ध ठेवले. सुदैवाने तो वाचला. २०२२ साली या शर्यतीवर ‘डाकार डेझर्ट रॅली’ नावाचा खेळ निघाला आहे. त्यात पडलेला खेळाडू लगेच पुन्हा निघतो.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण तीत चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीतील शेतकऱ्याने अनुदानावर पॉवर टिलर घेतला. मी रीतसर प्रात्यक्षिक दिले. नदीकाठचे सपाट खाचर पाहिले, टिलर चालू केला, डावी कळ दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे, असे वळवून दाखवले. शेतकऱ्याचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा पुढे झाला आणि पाच मिनिटांत माझ्यापेक्षा सफाईने चालवू लागला. मोबाइलवर जीप आणि ट्रॅक्टर डोंगरात चालवण्याचे खेळ तो रोज खेळे. मी त्याची पाठ थोपटली आणि सर्वांसमोर म्हणालो, “बघा, याला शिकवायची गरजच नाही!”

जुलैत वरच्या खाचरांची चिखलणी संपवून तो टिलर खाली आणीत होता. वाट उताराची, डावीकडे दरड, उजवीकडे दोन पुरुष खोल पडण. वाटेने डावीकडे वळण घेतले, म्हणून त्याने डावी कळ दाबली. टिलर उजवीकडे वळला. त्याला वाटले, कळ नीट लागली नाही, म्हणून त्याने ती आणखी आवळली. टिलर आणखी उजवीकडे गेला आणि कडेवरून खाली कोसळला. मुठी सोडायला त्याला क्षणभर उशीर झाला. पाय दोन ठिकाणी मोडला. ऐन लावणीत घरचा कर्ता हात खाटेवर पडला, आणि आई व भावजय यांनी दोघींच्या बळावर लावणी उरकली.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. त्याने कोणाला दोष दिला नाही. एवढेच विचारले, “साहेब, डावा दाबला तरी तो उजवीकडे का गेला?”

उत्तर मला ठाऊक होते. मी दापोलीत शेतकी शिकलो, ते तेव्हापासून ठाऊक होते. सपाट खाचरात त्याची गरज पडली नाही, म्हणून मी ते सांगितलेच नव्हते.

उतारावर कळ उलटी चालते

हे उत्तर नीट समजून घ्या. टिलरला मोटारीसारखे सुकाणूचाक नसते, दोन मुठींखाली दोन कळा असतात. डावी कळ दाबली की डाव्या चाकाला इंजिनाची जोड सुटते. सपाटीवर इंजिन चाकांना पुढे ढकलीत असते. जोड सुटलेले डावे चाक मागे रेंगाळते, उजवे पुढे जाते, आणि टिलर डावीकडे वळतो.

उतारावर मात्र टिलरला त्याचे वजनच खाली लोटते आणि इंजिन चाकांना आवरून धरते. डावी कळ दाबली की डाव्या चाकाला आवरणारे कोणी उरत नाही. ते मोकळे होऊन पुढे पळते आणि टिलर उजवीकडे वळतो. उतारावर गाडी नेताना आपण दोन्ही बैलांचे कासरे मागे ओढून धरतो. त्यातला डाव्याचा कासरा एकदम सोडला तर डावा पुढे धावेल आणि गाडी उजवीकडे जाईल. तसेच हे आहे.

मोबाइलच्या खेळात डावे बटण चढावर, उतारावर, चिखलात, सदासर्वकाळ डावेच असते. शंभर वेळा खेळलेल्या बोटांना तीच सवय लागते, आणि संकटात माणूस सवयीनेच वागतो.

आपल्या भागात तर जमीनही एकसारखी राहत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वैशाखात टणक असलेली वाट आषाढात कडेने पोकळ झालेली असते. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर उतरला, तो आपण विसरू शकत नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि एकटा माणूस वर आला. माझ्या शिक्षणाचे ते ठिकाण, म्हणून ती बातमी आजही घशात अडकते. या डोंगरात मागे जाण्याचे बटण कोणाजवळ नाही.

घरच्यांनी काय करावे

मुलांचे मोबाइल हिसकावून घेऊ नका. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसा आणि विचारा, “इथे गाडी का उलटली? ओढा कसा ओलांडलास?” मग त्यालाच घेऊन शेतावर जा. टिलरच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. टिलर नेण्यापूर्वी वाट पायी चालून पाहावी. पाऊस झाला असेल तर पुन्हा पाहावी. कड काठीने टोचून पाहावी.

२. उतार सुरू होण्याआधी, वर सपाटीवरच, सर्वांत खालचा गिअर टाकावा. उतारावर मध्येच गिअर बदलू नये आणि मुख्य क्लच सोडवू नये. जोड सुटली की टिलर आवरत नाही.

३. उतारावर शक्यतो कळा वापरू नयेत, मुठींना हळूहळू रेटा देऊन वळवावे. कळ वापरावीच लागली तर ती उलटी चालते हे ध्यानात ठेवावे.

४. बांध नेहमी काटकोनात, फळ्या टाकून, सावकाश ओलांडावा.

५. टिलर जाऊ लागला तर त्याला धरून राहू नये. यंत्र पुन्हा मिळते.

६. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, मग ती मोबाइलवर कितीही हुशार असोत.

तो मुलगा आज चालताना किंचित लंगडतो, पण टिलर त्यानेच पुन्हा हाती घेतला. आता माझे प्रत्येक प्रात्यक्षिक सपाटीवर सुरू होते आणि रुंद, सौम्य उतारावर संपते. शक्य असेल तेव्हा मी त्यालाच बोलावतो. तो कळ दाबून दाखवतो, टिलर उलटा वळतो, आणि जमलेली पोरे चकित होतात.

आपल्याकडे टिलर असेल तर लावणीची वाट पाहू नका. येत्या रविवारी घरातल्या मुलाला बांधावर उभे करा आणि विचारा, “उतारावर डावी दाबली तर कुठे वळेल?” तो “डावीकडे” म्हणाला, तर त्या दिवशी मुठी त्याच्या हाती देऊ नका. आधी त्याला बैलांच्या कासऱ्याची गोष्ट सांगा.