अनुकृतिचित्रण

अनुकृतिचित्रण म्हणजे एखादे चित्र समोर ठेवून त्याची प्रतिकृती हाताने रंगविणे. चित्रकला शिकण्याचा हा जुना मार्ग असून कलाशाळेत न गेलेले हौशी चित्रकारही त्याचा अवलंब करतात. अभ्यासासाठी केलेली अनुकृती आणि बनावट चित्र यांत हेतूचा भेद आहे. अनुकृती स्वतःला प्रतिकृती म्हणवते; बनावट चित्र मूळ असल्याचा आव आणते. महाराष्ट्रातील या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृतींचे आहे.

अभ्यासाची पद्धत

मूळ चित्रावर व कोऱ्या पृष्ठावर सम प्रमाणात चौकटी आखून एकेका चौकटीतील रेषा उतरविणे ही सर्वांत सोपी रीत होय. त्यानंतर छायाप्रकाशाचे मोठे भाग, मग रंगांचे थर आणि शेवटी बारकावे असा क्रम ठेवतात. नक्कल करताना प्रत्येक रेषेचा निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. नुसते पाहताना निसटलेली गोष्ट, उदाहरणार्थ हाताच्या वळणाला दिलेला तोल, त्यामुळे ध्यानात येते.

अजिंठ्याच्या अनुकृती

ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढण्यासाठी नेमणूक केली. त्याने अनेक वर्षे खपून केलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह हे काम हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकी एक होते. १८८५ पर्यंत सुमारे ३०० चित्रे तयार झाली. त्यांपैकी शंभरहून अधिक त्याच वर्षी लंडनमधील दुसऱ्या आगीत गेली. ग्रिफिथ्स यांचा सचित्र ग्रंथ १८९६–९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस व असितकुमार हलदार यांनीही येथे प्रती काढल्या. बंगालच्या या तरुण चित्रकारांसाठी अजिंठा हीच पाठशाळा ठरली.

अजिंठ्याची मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर मुख्यतः खनिज रंगांनी काढलेली आहेत, तर गिल व ग्रिफिथ्स यांच्या प्रती कॅनव्हासवर तैलरंगांत आहेत. त्यामुळे आकृती व रचना त्यांत उतरल्या, तरी भिंतीचा पोत उतरू शकला नाही. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि त्याने चित्रांची हानी केली. दुसरीकडे, मूळ भिंतीवरून कालांतराने झिजून गेलेले काही तपशील आज या प्रतींतच पाहावयास मिळतात.

हौशी चित्रकार

हौशी चित्रकाराला मूळ चित्र क्वचितच लाभते. छापील प्रत हाच त्याचा आधार असतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत मुद्रणालय सुरू केले. ते पुढे पुणे जिल्ह्यातील मळवली येथे हलविण्यात आले. तेथील रंगीत मुद्रितचित्रांमुळे देवदेवतांची व पौराणिक प्रसंगांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर आली आणि नकलेसाठी सहज उपलब्ध झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रे काढीत. त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात प्रसिद्ध युरोपीय चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. युरोपात व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८९–९० मध्ये मिये यांची चित्रे कृष्णधवल छापांवरून रंगविली. रंग त्यांना स्वतःलाच योजावे लागल्याने त्या प्रती त्यांच्या स्वतःच्या झाल्या.

मर्यादा व पथ्ये

छापील प्रतीत आकार लहान होतो, रंग बदलतात आणि रंगलेपाची जाडी दिसत नाही. म्हणून शक्य तेव्हा मूळ चित्र पाहणे इष्ट ठरते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नकलेस परवानगी आहे. मात्र प्रतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा लागतो. भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क सामान्यतः चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अलीकडच्या चित्रांच्या प्रती विकण्यापूर्वी हक्कधारकाची परवानगी आवश्यक ठरते. अनुकृतीवर मूळ चित्रकाराची सही न करता ‘अमुक चित्रावरून’ असा उल्लेख करणे हे सर्वमान्य पथ्य आहे. केवळ नकलेवर थांबल्यास हात तयार होतो, पण स्वतःची दृष्टी घडत नाही. म्हणून अनुकृतीसोबत प्रत्यक्ष निसर्ग व माणसे पाहून रेखाटन करणेही आवश्यक मानले जाते.