पहाटेची थंडी आणि जागेपणीसारखी स्वप्नं

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा १० अंशांखाली उतरतो. पत्र्याच्या घरात तर पहाट सोसवत नाही. या दिवसांत वस्तीत दोन गोष्टी कानावर येतात. कुणी म्हणतं, "हे स्वप्न आहे, असं मला स्वप्नातच कळत होतं." कुणी म्हणतं, "छातीवर काहीतरी बसलं होतं, ओरडताच येईना." मग घरात भगताचं नाव निघतं. त्याआधी आपलं शरीर समजून घेऊया.

झोपेचे टप्पे असतात. जास्त स्वप्नं पडणारा टप्पा १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडला. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, पण हातपाय सैल पडतात. म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच असतो. याच वेळी थरथरून ऊब आणण्याचं शरीराचं काम मंदावतं. हा टप्पा पहाटे जास्त लांबतो आणि थंडीही तेव्हाच कडक असते. त्यामुळे झोप मोडते.

जाग आली की ताजं स्वप्न लख्ख आठवतं. पुन्हा डोळा लागला तर स्वप्नातच भान येऊ शकतं. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने ठरल्याप्रमाणे डोळे हलवून 'मी स्वप्नात आहे' अशी खूण दिली होती. उलट मन जागं झालं आणि अंग सैलच राहिलं, तर छातीवर ओझं वाटतं. थोड्या वेळात ते आपोआप सुटतं. ही करणी नव्हे. भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मग करायचं काय? थंडी जमिनीतूनही चढते, म्हणून अंगाखाली पुठ्ठा आणि जाड गोधडी घाला. पायात मोजे घाला. उताणं न झोपता कुशीवर झोपा. बाळाचं तोंड झाकू नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. डोकं दुखलं, मळमळलं, तर सगळ्यांना लगेच बाहेर उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा.

छातीवर ओझं वारंवार येत असेल किंवा दिवसा झोप आवरत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. भगताला द्यायच्या पैशात घरात एक चांगली घोंगडी येते.