दूरशिक्षणाचीं साधनें व त्यांचें जतन

पोथी हें दूरशिक्षणाचें आद्य साधन मानावें काय, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. आमच्या मतें तसें मानतां येत नाहीं. पोथी गुरूचें वचन दूर नेते, परंतु शिष्याची चूक गुरूपर्यंत परत आणीत नाहीं. म्हणूनच गुरुमुखावांचून केवळ पुस्तकावरून मिळविलेल्या विद्येस जुने पंडित कमी लेखीत. पाठ जावा, उत्तर यावें व तें तपासून पुन्हां शिष्याकडे जावें, हें दूरशिक्षणाचें खरें लक्षण होय.

ही ये-जा स्वस्त टपालानें शक्य केली. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, त्याच वर्षीं आयझॅक पिटमन यांनीं टपालानें लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. हिंदुस्थानांत अर्ध्या आण्याचें समान टपाल १८५४ सालीं आलें. दिल्ली विद्यापीठाचें पत्रद्वारा शिक्षण मात्र १९६२ सालचें. महाराष्ट्रांत १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. शाळा सुटलेल्या प्रौढांसहि पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमानें तेथें पदवीचा मार्ग मोकळा झाला.

पुढें ध्वनिफीत, चित्रफीत, २००४ चा एज्युसॅट उपग्रह, आणि २०२० च्या टाळेबंदींत भ्रमणध्वनि, अशीं साधनें बदलत गेलीं. वेग वाढला, पण अडचणीहि नव्या आल्या. घोड नदीवरील डिंभे धरणाचा प्रदेश पाहावा. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नांव पडलें तें गांव जलाशयाखालीं गेलें. वरचीं गांवें सह्याद्रीच्या कुशींत आहेत. पत्र पायवाटेनें पोंचतें, भ्रमणध्वनीच्या लहरीस मात्र डोंगर आडवा येतो. तेव्हां नवें साधन जुन्याहून सर्वत्र सरस, असा सिद्धान्त करतां येत नाहीं.

संग्राहकांचा संबंध येथेंच येतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटाचा सातवाहन लेख सुमारें दोन हजार वर्षें टिकला. चुंबकीय फीत कांहीं दशकांतच क्षीण होते, व ती वाजविणारें यंत्र त्याहून लवकर दुर्मिळ होतें. यासाठीं फितींच्या प्रती, यंत्रें चालूं आहेत तोंवरच करून घ्याव्या. छापील पाठ्यपुस्तकाच्या प्रती पुष्कळ निघतात, म्हणून ती कोठें तरी सांपडेल. परंतु विद्यार्थ्याची उत्तरवही, तीवरील परीक्षकाचे शेरे व टपालाचा शिक्का असलेलें पाकीट हीं एकेकच असतात. गुरुशिष्यांतील ती ये-जा सिद्ध करणारा पुरावा तोच. असे कागद हातीं आल्यास वही व पाकीट एकमेकांपासून वेगळीं करूं नयेत. शिक्षणक्रमाचें नांव व साल लगेच टिपून ठेवावें. रद्दींत गेलेली पोथी आपण हळहळून शोधतों. या वह्यांची तीच गत आपल्या डोळ्यांदेखत होऊं देऊं नये, इतकीच आमची विनंती आहे.