डासांनाही अनुभवातून शहाणपण येतं!

दिल्लीत पावसाळा सरला की गल्लोगल्ली धुराची फवारणी सुरू होते. 1996 च्या डेंग्यूच्या साथीत इथे दहा हजारांवर माणसं आजारी पडली आणि चारशेहून अधिक दगावली, त्यामुळे इथली डेंग्यूची धास्ती अगदी खरी आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास नुसता चावरा नाही, तो शिकतोही.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एडिस इजिप्तीच्या माद्यांना त्यांनी एकदाच, जीव जाणार नाही इतपतच कीटकनाशकाचा अनुभव दिला. नंतर त्याच औषधाची जाळी समोर ठेवली. अनुभव नसलेल्यांपैकी सुमारे 58 टक्के माद्या जाळीतून आत शिरल्या. अनुभवी माद्यांपैकी फक्त 15 टक्के! जगण्याचं प्रमाणही तिपटीहून जास्त. ही पिढ्यान्‌पिढ्या घडणारी प्रतिकारशक्ती नाही, एकाच डासाच्या हयातीतलं शिक्षण आहे. मला हे विलक्षण वाटतं.

त्याआधी, 2018 मध्ये, अमेरिकेत दिसलं होतं की एखादा वास येत असताना जोराचे हादरे बसले, तर एडिस तो वास दुसऱ्या दिवशीही टाळतो. त्यामागे मेंदूतलं डोपामिन हे रसायन असतं. म्हणजे हुकलेली चापटीसुद्धा कदाचित अगदीच वाया जात नसावी.

पाण्यातल्या अळीला मात्र असं पळून जाता येत नाही. म्हणून दिल्ली, नोएडा, गुरुग्रामकरांनो, कूलरचं पाणी दर आठवड्याला पूर्ण उपसा आणि टाकी घासून कोरडी करा.